ऑनलाइन सभेत पाहुण्या वक्त्या: आमंत्रणापासून पाठपुराव्यापर्यंत

स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या गटाने ऑनलाइन सभा भरवणे आता तांत्रिकदृष्ट्या फारसे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते पाहुण्या वक्त्या बोलून गेल्यावर गटाच्या हाती काहीतरी उरेल अशी सभा भरवणे. अनेकदा क्रम उलटा होतो: आधी एखादे वजनदार नाव सुचते, मग त्या नावाच्या सोयीने तारीख ठरते आणि विषय सर्वांत शेवटी, तोही ‘स्त्रिया आणि आरोग्य’ इतका ऐसपैस की वक्त्यांनी काहीही बोलले तरी ते विषयाला धरूनच असते. म्हणून संयोजिकांनी नावांची यादी बाजूला ठेवावी आणि येत्या दोन-तीन महिन्यांत गटाला कोणता निर्णय घ्यायचा आहे, हे आधी एका वाक्यात लिहून काढावे.

समजा, रात्रपाळीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या सुरक्षित प्रवासाबाबत गट प्रशासनाला निवेदन देणार आहे. अशा वेळी ‘स्त्रियांची सुरक्षितता’ या विषयावरचे व्याख्यान ऐकून सदस्यांच्या ज्ञानात फारशी भर पडत नाही, कारण तो अनुभव त्यांच्याकडे वक्त्यांपेक्षा अधिक असतो. त्यांना ठाऊक नसते ते असे, की वाहतुकीच्या अंदाजपत्रकात बदल कोणत्या टप्प्यावर मागता येतो, तो कोणाकडे मागायचा आणि मागणीसोबत कोणती माहिती जोडली तर ती बाजूला सारणे कठीण जाते. एवढा नेमका प्रश्न समोर असला की वक्त्यांचा शोधही आपोआप नेमका होतो. प्रसिद्ध लेखिकेऐवजी त्या खात्यातून निवृत्त झालेल्या अधिकारी किंवा कामगार संघटनेत वाटाघाटी केलेल्या कार्यकर्त्या अधिक उपयोगी ठरतात. हेच आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या कामालाही लागू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 1979 मध्ये स्वीकारलेल्या सीडॉ, म्हणजे स्त्रियांवरील सर्व प्रकारचा भेदभाव दूर करण्याच्या, करारानुसार त्यात सामील झालेल्या राष्ट्रांनी किमान दर चार वर्षांनी अहवाल सादर करायचा असतो आणि स्वयंसेवी संस्थांना तज्ज्ञ समितीपुढे स्वतःचा पर्यायी अहवाल ठेवता येतो. गटाला असा अहवाल लिहायचा असेल, तर कराराची ओळख करून देणाऱ्या प्राध्यापिकांपेक्षा एकदा तरी तो लिहिलेल्या व्यक्तीला बोलवावे आणि पहिल्या मसुद्यातले काय गाळावे लागले, हे तिला विचारावे.

तारीख ठरवताना दिनदर्शिका पाहावी. 8 मार्चचा आंतरराष्ट्रीय महिला दिन आणि 25 नोव्हेंबर ते 10 डिसेंबर हे स्त्रियांवरील हिंसेविरोधातल्या मोहिमेचे सोळा दिवस, या काळात चांगल्या वक्त्यांना एकामागून एक निमंत्रणे येत असतात. तेव्हाच कार्यक्रम घ्यायचा असल्यास दोन-तीन महिने आधी विचारावे. तशी निकड नसेल, तर सरळ दुसरा महिना निवडावा, म्हणजे वक्त्यांनाही तयारीला उसंत मिळते. वक्त्या दुसऱ्या देशात असतील, तर वेळ दोन्हीकडच्या घड्याळांप्रमाणे आणि यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेतही लिहावी. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि युरोपात त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या काळात नेहमीचे गणित एका तासाने चुकते. महिला दिनाच्या आसपासचे कार्यक्रम नेमके या कचाट्यात सापडतात.

निमंत्रणपत्र एका पानाचे असावे, पण त्यात काही संदिग्ध राहू नये. गटाची ओळख दोन वाक्यांत करून द्यावी आणि लगेच मुद्द्यावर यावे. उदाहरणार्थ: ‘आमच्या सभेला सुमारे चाळीस सदस्य असतील. रात्रीच्या प्रवासातील अडचणी त्यांना अनुभवाने माहीत आहेत. अंदाजपत्रकाची प्रक्रिया मात्र माहीत नाही. निवेदन कोणत्या महिन्यात आणि कोणाकडे द्यावे, यावर आपण वीस मिनिटे बोलावे आणि त्यानंतर पंचवीस मिनिटे प्रश्नांना उत्तरे द्यावीत, अशी विनंती आहे.’ याखाली तारीख, वेळ, वापरायचे ॲप, रेकॉर्डिंग होणार की नाही, सभेला बाहेरचे कोणी असणार का आणि संपर्क कोणाशी करायचा, हे लिहावे. मानधनाचा उल्लेखही याच पत्रात हवा. ते देणे शक्य नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे आणि नकाराला मोकळीक ठेवावी. स्त्रियांच्या विनामोबदला श्रमांची नोंद व्हावी म्हणून आग्रह धरणाऱ्या गटाने वक्त्यांचे श्रम मात्र गृहीत धरावेत, हे शोभत नाही.

सभेच्या आठवडाभर आधी वक्त्यांशी पंधरा-वीस मिनिटे प्रत्यक्ष कॉलवर बोलावे. त्या वेळी आवाज, प्रकाश आणि स्क्रीन शेअर तपासून होते, परंतु खरा उपयोग वेगळाच आहे: सदस्यांकडून आधी मागवलेले चार-पाच प्रश्न वाचून दाखवले की वक्त्या आपले भाषण तिथल्या तिथे बदलतात. त्यांच्या स्लाइड संयोजिकांनी स्वतःकडेही मागवून ठेवाव्यात, म्हणजे ऐनवेळी वक्त्यांचे इंटरनेट गेले तरी त्यांना फोनवरून बोलता येते आणि स्लाइड दुसरे कोणी पुढे सरकवू शकते.

ॲपच्या मोफत मर्यादा आधीच पाहून घ्याव्यात. झूमची मोफत सभा 40 मिनिटांनी बंद होते आणि गूगल मीटवर तीन किंवा अधिक जणांची मोफत सभा 60 मिनिटांपर्यंत चालते, त्यामुळे सव्वा तासाच्या सभेसाठी सशुल्क खाते घ्यावे किंवा मध्यंतर ठेवून दुसरी लिंक आधीच देऊन ठेवावी. वक्त्यांचे वाक्य अर्धवट तुटणे हा सर्वांसाठीच ओशाळवाणा प्रकार असतो.

सुरक्षिततेचा विचार मात्र अशा गटांना इतरांपेक्षा अधिक बारकाईने करावा लागतो, कारण येथे धोका दोन बाजूंनी येतो. एक बाजू बाहेरची. 2020 मध्ये ऑनलाइन सभांत घुसून अश्लील चित्रे आणि शिवीगाळ करण्याचे प्रकार इतके वाढले, की झूमने त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मोफत खात्यांसाठी पासवर्ड आणि वेटिंग रूम आपोआप सुरू राहतील अशी व्यवस्था केली. ही व्यवस्था कोणीही बंद करू नये. जाहीर भित्तिपत्रकावर लिंक न छापता नोंदणीचा अर्ज द्यावा, नोंदणी केलेल्यांनाच त्या दिवशी लिंक पाठवावी आणि स्क्रीन शेअर करण्याचा अधिकार फक्त होस्टकडे ठेवावा. एका सदस्येने केवळ दारावर बसावे: वेटिंग रूममधील नावे यादीशी ताडून आत घ्यावीत आणि गोंधळ घालणाऱ्याला क्षणाचाही विचार न करता बाहेर काढावे. अशा वेळी होस्टने काय करायचे, हे आधी ठरलेले असावे; सर्वांना म्यूट करणे, शेअरिंग थांबवणे आणि वक्त्यांना धीर देणे ही तीन कामे एकटीला झेपत नाहीत.

दुसरी बाजू घरातली, आणि तिच्याकडे अधिक दुर्लक्ष होते. सभेला येणारी एखादी सदस्य ज्या माणसाच्या धाकात जगते, तोच शेजारच्या खोलीत असू शकतो. म्हणून कॅमेरा सुरू करण्याचा आग्रह कधीही धरू नये, टोपणनाव चालेल असे सांगावे आणि त्या नावाची नोंद दारावरच्या सदस्येकडे खाजगीत असावी. सभेचे शीर्षक कॅलेंडरमध्ये आणि आठवणीच्या संदेशात ‘मासिक बैठक’ इतकेच असावे, कारण तो संदेश घरातील सामाईक फोनवर कोणीही वाचू शकते. हेडफोन वापरण्याची सूचना आधीच द्यावी. शेवटी सर्वांच्या चेहऱ्यांचा स्क्रीनशॉट काढण्याची जी प्रथा रुजली आहे, ती निदान या गटांनी सोडून द्यावी. रेकॉर्डिंग करायचेच असेल, तर केवळ वक्त्यांच्या भाषणाचे, त्यांच्या लेखी संमतीने करावे आणि प्रश्नोत्तरे सुरू होण्याआधी ते बंद केल्याचे मोठ्याने सांगावे. ते कोणाला मिळणार आणि कधी पुसले जाणार, हेही आधीच ठरलेले असावे.

कॅप्शन सुरू ठेवावीत. सांकेतिक भाषेच्या दुभाषी असल्यास दोघींची व्यवस्था करावी, कारण त्यांना साधारण दर वीस मिनिटांनी आलटूनपालटून विश्रांती लागते. त्यांची चौकट सर्वांना कायम दिसेल अशी ठेवावी.

प्रत्यक्ष सभेत परिचय दोन मिनिटांत आटोपावा. पुरस्कारांची यादी नोंदणीच्या संदेशात आलेली असते. सूत्रसंचालिकेने फक्त गटाचा प्रश्न काय आहे आणि तो याच व्यक्तीला का विचारला आहे, एवढेच सांगावे. वेळ संपायला पाच मिनिटे उरली की वक्त्यांना खाजगी संदेश जाईल, हे त्यांना आधी कळवलेले असले म्हणजे भर सभेत थांबवण्याचा संकोच उरत नाही. भाषण संपताच ‘कोणाला काही विचारायचे आहे का?’ असे विचारू नये. त्याने बहुधा शांतता पसरते किंवा नेहमीच्या दोघी-तिघीच बोलतात. त्याऐवजी दोन मिनिटे सर्वांनी गप्प राहून चॅटमध्ये प्रश्न लिहावेत, एका सदस्येने सारखे प्रश्न एकत्र करावेत आणि पहिली संधी सहसा न बोलणाऱ्या सदस्येला द्यावी. प्रश्नाच्या नावाखाली कोणी स्वतःचे भाषण सुरू केले, तर ‘यातला आपला प्रश्न कोणता?’ असे सौम्यपणे विचारणे हे सूत्रसंचालिकेचे कर्तव्यच आहे.

यानंतर आभार मानून वक्त्यांना निरोप द्यावा आणि सभा मात्र चालू ठेवावी. ही शेवटची वीस मिनिटे वाचवण्यासाठीच बाकी सारे काटेकोर ठेवायचे असते. पाहुण्यांसमोर सदस्या मतभेद दाखवत नाहीत, आणि ‘त्यांनी सांगितले ते आपल्याकडे जमणार नाही’ हे वाक्य, जे बहुधा सर्वांत उपयोगी असते, त्या गेल्यावरच उच्चारले जाते. जे ऐकले त्यामुळे आपल्या मसुद्यात काय बदलते, एवढा एकच विषय या वेळी चर्चेला घ्यावा. इतिवृत्तात भाषणाचा सारांश चार ओळींचा पुरतो. कोणते काम कोणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे मात्र पूर्ण लिहावे. कोणाचा वैयक्तिक अनुभव त्यात येऊ देऊ नये, टोपणनावानेही नाही.

वक्त्यांना दोन दिवसांत आभाराचे पत्र पाठवावे आणि त्यांच्या सांगण्यामुळे मसुद्यातील कोणता परिच्छेद बदलला, हे त्यात लिहावे. निवेदन सादर झाले की त्याची प्रत आणि पुढे मिळालेले उत्तर, नकार असला तरी, त्यांना कळवावे. त्याच पत्रात पुढचा प्रश्न मांडून तो कोणाला विचारावा, असा सल्ला मागावा. पुढच्या सभेच्या वक्त्यांचे नाव अनेकदा त्या उत्तरातच मिळते.