जायकवाडीचे आकडे वाचताना या चुका टाळा

जुलै लागला की व्हॉट्सॲपवर धरणांच्या टक्केवारीचे तक्ते फिरू लागतात. ते बघून कुणी यंदाची चिंता मिटली म्हणतो, तर कुणी दुष्काळ जाहीर करून मोकळा होतो. गोदावरी खोऱ्यात पाणी कमी आहे की जास्त, हे नुसत्या टक्क्यांवरून ठरत नाही. गल्लत होते ती बहुतेक वेळा पुढच्या ठिकाणी.

टक्के कशाचे, हे न बघणं

पैठणच्या जायकवाडी धरणाचा एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी (१ टीएमसी म्हणजे १ अब्ज घनफूट). त्यातला २६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी कालव्यात न येणारं पाणी, उरलेला ७६.६५ उपयुक्त. धरण 'शून्य टक्क्यांवर' आलं म्हणजे उपयुक्त साठा संपला, तळ उघडा पडला असं नाही. एका बातमीत एकूण साठ्याचे टक्के आणि दुसरीत उपयुक्त साठ्याचे असतील, तर दोन्ही शेजारी ठेवून पाणी वाढलं की घटलं हे सांगताच येत नाही.

सगळ्या धरणांची सरासरी काढणं

ही चूक भलेभले करतात. भंडारदरा १०० टक्के आणि जायकवाडी ३० टक्के, म्हणजे खोरं ६५ टक्के भरलं? भंडारदरा सुमारे ११ टीएमसीचं. तिथले ११ आणि जायकवाडीतले २३ मिळून ३४ टीएमसी झाले, तेही ८७ पैकी. म्हणजे जेमतेम ३९ टक्के. आधी टीएमसीची बेरीज करा, मग टक्के काढा.

पैठणच्या आभाळाकडे बघत बसणं

जायकवाडीचा जलाशय म्हणजे नाथसागर, तो भरतो मुख्यतः वरच्या पाण्यावर. त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, घाटघर, रतनवाडी इथे पाऊस कोसळतो, वरची धरणं भरतात, आणि मग गोदावरीचं पाणी नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून, तर घाटघर-रतनवाडीचं प्रवरेतून खाली येतं. पैठणला ऊन असताना येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, वाढू शकतो, आणि तिथे धो-धो पाऊस पडूनही धरण जागचं हलत नाही.

क्युसेक ऐकून हुरळून जाणं

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. हा वेग आहे, साठा नव्हे. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग सलग २४ तास चालला तर १ टीएमसी होतो. '२० हजार क्युसेक सोडले' ही बातमी खरी असली तरी तो विसर्ग सहाच तास टिकला असेल, तर हिशेब ०.४३ टीएमसीचा. जायकवाडीच्या उपयुक्त साठ्यात अर्ध्या टक्क्याची भर! आणि सोडलं तेवढं सगळं पोचतही नाही. कोरडं पात्र, डोह, वाटेतले बंधारे आपला वाटा घेतातच. २०२३ मध्ये वरच्या धरणांतून ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हाही वाद सोडण्याइतकाच पोचण्याचा होता.

१५ ऑक्टोबरचा हिशेब अर्धाच करणं

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशात ६५ टक्क्यांची अट होती. १५ ऑक्टोबरला जायकवाडीच्या उपयुक्त साठ्यात त्यापेक्षा कमी पाणी असेल तर वरच्या धरणांतून सोडायचं. पण त्या ६५ टक्क्यांत खरिपात वापरलेलं पाणीही धरायचं, हे चर्चेत हमखास गळतं. धरणात ४५ टीएमसी म्हणजे ५९ टक्के, वरवर तुटवडाच. पण खरिपात ५ टीएमसी वापरलं असेल तर बेरीज ५०, आणि अट पूर्ण. वरची धरणं तुडुंब आणि जायकवाडी रिकामं, अशी स्थिती असेल तर तो पाण्याचा तुटवडा नाही, वाटपाचा प्रश्न आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे.

दरवाजे उघडले म्हणजे पाणी जादा झालं, असं मानणं

ऑगस्टमध्ये १,५२२ फुटांच्या पूर्ण पातळीच्या आधीच दरवाजे उघडतात, ते पुरासाठी जागा राखायला. जलाशय परिचालन सूचीत तारखेनुसार पातळी ठरलेली असते. 'पाणी वाया घालवलं' म्हणून ओरड करणाऱ्यांनी ऑगस्ट २००६ मध्ये पैठण शहरात शिरलेलं पाणी आठवावं. उलट बाजूही खरी आहे. ऑगस्टमध्ये विसर्ग झाला म्हणून सप्टेंबर कोरडा जाणार नाही, याची हमी कुणी देत नाही.

वजाबाकी विसरणं

नाथसागर उथळ आणि पसरट, पूर्ण भरल्यावर सुमारे ३५० चौरस किलोमीटर. एवढ्या पृष्ठभागावरून ८ सेंटीमीटर पाण्याची वाफ झाली की १ टीएमसी गेला. त्यात गाळाने क्षमता घटते ती वेगळीच. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत उन्हाळी आवर्तनं (कालव्यातून पाणी सोडण्याच्या पाळ्या) जाहीर झाली की आधी एवढंच विचारा: पिण्याचं आणि उद्योगांचं आरक्षण, बाष्पीभवन आणि कालव्यातली गळती वजा करून हा आकडा काढलाय का?