अमेरिकेत ‘इमोशनल सपोर्ट’ प्राणी पाळताय? या चुका टाळा

मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात एका मुलाने तिळगूळ घेता घेता पाकिटातून एक प्लास्टिकचं कार्ड काढलं. त्यावर त्याच्या मांजरीचा फोटो, खाली नोंदणी क्रमांक, कोपऱ्यात सोनेरी शिक्का. म्हणाला, “काका, हे दाखवलं तरी लीझिंग ऑफिस पेट डिपॉझिट मागतंय.” म्हणजे भाड्याच्या इमारतीचं कार्यालय प्राणी पाळण्यासाठी वेगळी अनामत मागत होतं. कार्डासाठी त्याने शंभरेक डॉलर मोजले होते. मी वकील नाही. नव्याने आलेल्या मुलांना घर शोधायला मदत करतो, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. आणि दहातले आठ जण याच कार्डापाशी अडकलेले असतात.

कार्ड विकत घेणं

इमोशनल सपोर्ट प्राण्यांची (इथे सगळे ‘ईएसए’ म्हणतात) कुठलीही सरकारी नोंदणी अमेरिकेत नाही. संघराज्य पातळीवर असं रजिस्टरच नाही, त्यामुळे नोंदणी क्रमांक, जॅकेट, पट्टा, शिक्का या सगळ्याची कायद्याच्या लेखी किंमत शून्य. २०२० साली गृहनिर्माण खात्याने (‘हड’ने) काढलेल्या पत्रकात स्पष्ट म्हटलं होतं, की पैसे भरून, चार प्रश्नांची उत्तरं देऊन वेबसाइटवरून मिळालेलं प्रमाणपत्र तेवढ्यावर विश्वासार्ह पुरावा ठरत नाही.

मुळात समजून घ्यायचं ते एवढंच: कागद प्राण्याचा नसतो, माणसाचा असतो. मांजर ‘ईएसए’ आहे हे मांजरीकडे बघून ठरत नाही. तुम्हाला दैनंदिन आयुष्यात ठळक अडथळा आणणारा शारीरिक किंवा मानसिक त्रास आहे, आणि हा प्राणी जवळ असल्याने त्या त्रासात फरक पडतो, असं तुमच्यावर उपचार करणाऱ्या माणसाने लिहून देणं, हा खरा कागद.

पत्रात नको ते लिहिणं, हवं ते विसरणं

इथे आपली मंडळी दोन टोकांना जातात. एक तर ‘डिसॅबिलिटी’ (अशा त्रासाचं कायद्यातलं नाव) हा शब्दच नको वाटतो. घरी कळलं तर, व्हिसाचं काही झालं तर, लग्नाच्या वेळी कुणी विचारलं तर. मग अर्जात लिहितात, “मी घरापासून लांब आहे, एकटं वाटतं.” एकटेपणा खरा असेल, पण नुसता एकटेपणा म्हणजे कायद्यातली डिसॅबिलिटी नव्हे. घरमालक नाही म्हणाला तर त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही.

दुसरं टोक म्हणजे सगळी फाइल देऊन टाकणं. एका मुलीने गोळ्यांच्या चिठ्ठ्या, आजाराचं नाव, पुण्यातल्या डॉक्टरांचे रिपोर्ट, सगळं स्कॅन करून लीझिंग ऑफिसला पाठवलं होतं. गरजच नव्हती! घरमालकाला तुमचे वैद्यकीय कागद मागण्याचा किंवा आजाराची सविस्तर माहिती काढण्याचा अधिकार नाही. पत्रात डॉक्टर किंवा थेरपिस्टचं नाव, लायसन्सचा तपशील, ते तुमच्यावर उपचार करतात हे, तुम्हाला डिसॅबिलिटी आहे हे आणि प्राण्याची त्यामुळे गरज आहे हे असलं, तारीख आणि सही असली, की पुरे. एक पान. दीड पान झालं तर बहुधा काहीतरी जास्तीचं लिहिलंय.

आता पुण्याच्या समुपदेशकाबद्दल, कारण हा प्रश्न हमखास येतो. बरेच जण इथे राहूनही ऑनलाइन सेशन तिकडेच घेतात. मराठीत बोलता येतं, फीही कमी. उपचारासाठी उत्तम. पत्रासाठी मात्र अडचण. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून असा नियम आहे, की पत्र देणाऱ्याकडे तिथलं वैध लायसन्स हवं, आणि ईएसए कुत्र्यासाठी पत्र देण्याआधी रुग्णाशी किमान ३० दिवसांचा संबंध हवा. म्हणजे लीज सही करायच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करून तिथे काही होत नाही. इतर राज्यांत नियम वेगवेगळे आहेत, पण भारतातल्या लायसन्सचं पत्र दिसलं की लीझिंग ऑफिस शंका काढतंच. तुम्ही विद्यार्थी असाल तर विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात आधी विचारा. ते पत्र देत नसले तरी कुणाकडे जायचं ते सांगतात.

गुपचूप प्राणी आणणं

“आधी आणतो, पकडलं तर पत्र दाखवतो.” कायद्याने विनंती केव्हाही करता येते, प्राणी आणल्यानंतरसुद्धा. पण नियमभंगाची नोटीस दारावर चिकटल्यावर तीन दिवसांनी उगवलेल्या पत्रावर कोण विश्वास ठेवणार? आधी ईमेल करा. ईमेलच, तोंडी नको, मॅनेजर बदलतात. त्यात ‘फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट’खाली (घर देताना भेदभाव होऊ नये यासाठीचा संघराज्याचा कायदा) ‘रीझनेबल अकोमोडेशन’ (डिसॅबिलिटीमुळे नियमात वाजवी सवलत) मागतोय, हे दोन शब्दप्रयोग जसेच्या तसे असू द्या. ‘पेटची परवानगी द्या’ असं लिहू नका, कारण या कायद्यात ईएसए हा पाळीव प्राणी गणला जात नाही. सगळा खेळ त्यावरच आहे: पेट डिपॉझिट नाही, महिन्याचं पेट रेंट नाही, ‘पेट चालणार नाहीत’ हा नियम लागू नाही, आणि कुत्र्याची जात किंवा वजन पुढे करून सरसकट नकार नाही. नकार द्यायचाच तर त्या विशिष्ट प्राण्यापासून लोकांना खरा धोका आहे किंवा तो मोठी नासधूस करतो, असं काही ठोस कारण लागतं.

हा कायदा सगळ्या घरांना लागू नाही, हे मात्र अनेकांच्या गावीही नसतं. मालक स्वतः राहतो अशी चार किंवा कमी घरांची इमारत बहुधा त्यातून सुटते. न्यू जर्सीत एखाद्या काकूंच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतलाय, तर संघराज्याचा कायदा दाखवण्याआधी राज्याचा कायदा काय म्हणतो ते पाहा आणि काकूंशी नीट बोला. त्याचा उपयोग जास्त होतो.

घराचा कागद घेऊन दुकानात, ऑफिसात, वर्गात जाणं

ईएसए पत्र घराच्या दाराशी चालतं. किराणा दुकान, हॉटेल, रेस्टॉरंट इथे ‘एडीए’ हा डिसॅबिलिटी असलेल्यांच्या हक्कांचा वेगळा कायदा लागतो, आणि तो फक्त सर्व्हिस अ‍ॅनिमल मानतो: विशिष्ट कामासाठी शिकवलेला कुत्रा. (छोट्या जातीच्या घोड्यांसाठी वेगळी तरतूद आहे, हो, घोडे.) जवळ असल्याने बरं वाटतं, हे शिकवलेलं काम नव्हे. दुकानदार दोनच गोष्टी विचारू शकतो: हा डिसॅबिलिटीमुळे लागणारा सर्व्हिस कुत्रा आहे का, आणि तो कोणतं काम शिकलाय. तिथे खोटं बोललात तर कॅलिफोर्नियात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. विद्यापीठाच्या वसतिगृहाला घराचा कायदा लागू होतो, असं २०१३ साली नेब्रास्कातल्या कर्नी इथल्या विद्यापीठाच्या खटल्यात कोर्टाने म्हटलं. वर्गाला तो लागत नाही.

विमानाचं तिकीट जुन्या माहितीवर काढणं

२०१८ च्या जानेवारीत नेवार्क विमानतळावर एक बाई ‘इमोशनल सपोर्ट’ मोर घेऊन आल्या होत्या. मोराला विमानात घेतलं नाही, आणि त्याचे फोटो जगभर फिरले. अशा प्रकारांनंतर वाहतूक खात्याने नियमच बदलले. ११ जानेवारी २०२१ पासून ईएसएला केबिनमध्ये घेण्याचं बंधन विमान कंपन्यांवर राहिलेलं नाही. आता तो साधा पाळीव प्राणी, कंपनीच्या नियमांनी आणि फीने जाणारा. शिकवलेले सर्व्हिस कुत्रे, मानसिक आजारासाठी शिकवलेलेसुद्धा, जाऊ शकतात. त्यांच्यासाठी खात्याचा फॉर्म असतो. जुने लेख वाचून लोक आजही पत्र घेऊन काउंटरवर उभे राहतात.

भारतात जाऊन परत येणार असाल तर आणखी एक खड्डा. अमेरिकेच्या सीडीसीच्या (रोगनियंत्रण करणारी सरकारी संस्था) यादीत भारत रेबीजचा जास्त धोका असलेला देश आहे. १ ऑगस्ट २०२४ पासून परत येणाऱ्या कुत्र्याला मायक्रोचिप हवी, वय किमान सहा महिने हवं, सीडीसीचा ऑनलाइन फॉर्म हवा, आणि लस अमेरिकेत दिली असेल तर तसं प्रमाणपत्र कुत्रा अमेरिकेबाहेर पडण्याआधीच करून घ्यायला हवं. मुंबईहून निघताना ते आठवलं तर उपयोग नाही. ईएसए पत्राचा इथे काडीचा संबंध नाही.

नकार आल्यावर भांडणं किंवा गप्प बसणं

नकाराचं कारण लेखी मागा. काही कमी असेल तर ते पुरवा. तरीही अडवलं तर ‘हड’कडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते, त्याला फी नाही. कोर्टात जायला दोन वर्षांची मुदत आहे. आणि हो, भाडं थांबवू नका. तुमची चांगली बाजू त्या एका चुकीने वाईट होते.

त्या संक्रांतीच्या मुलाने शेवटी कार्ड बाजूला ठेवलं, ज्या थेरपिस्टकडे तो आधीपासून जात होता तिच्याकडूनच एक पानी पत्र घेतलं, आणि डिपॉझिट माफ झालं. घर सोडताना मात्र त्याला बिल आलं. मांजरीने खिडकीच्या उभ्या पट्ट्यांच्या पडद्यातल्या सहा पट्ट्या ओरबाडून काढल्या होत्या. “काका, पण ती ईएसए आहे ना!” पडदे मालकाचे होते, पैसे मुलाने भरले.