केंद्रीय कामगार मंत्रालयाचं योग्य दार कसं शोधावं

पगार थकला, पीएफ भरला गेला नाही किंवा अचानक कामावरून काढलं, की अनेक जण पहिला अर्ज थेट केंद्रीय कामगारमंत्र्यांच्या नावे लिहितात. मंत्र्यांना लिहिण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण तुमच्या मालकाला नोटीस मंत्री काढत नाहीत, ती काढणारा अधिकारी वेगळा असतो. अर्ज दिल्लीहून खाली येईपर्यंत दाव्याची मुदत मात्र थांबत नाही. म्हणून आधी दार ओळखा, मग लेखणी उचला.

पहिली पायरी : तुमचं ‘समुचित सरकार’ कोणतं?

समुचित सरकार म्हणजे तुमच्या मालकावर कामगार कायदे लागू करण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे ते सरकार, केंद्राचं किंवा राज्याचं. हे एवढं कळलं की निम्मी पायपीट वाचते. राज्यघटनेत कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे. म्हणजे कायदा केंद्रही करतं आणि राज्यही, आणि अंमलबजावणी दोघांत वाटलेली असते. रेल्वे, खाणी, तेलक्षेत्रं, मोठी बंदरं, विमानसेवा, दूरसंचार, बँका, विमा कंपन्या आणि केंद्राचे सार्वजनिक उपक्रम यांच्यासाठी समुचित सरकार केंद्राचं. खासगी कारखाना, दुकान, हॉटेल, आयटी कंपनी, खासगी शाळा किंवा रुग्णालय असेल, तर बहुतेक वेळा राज्याचं. महाराष्ट्रात अशा वेळी राज्याच्या कामगार आयुक्तांचं जिल्ह्यातलं कार्यालय गाठायचं.

कंत्राटी कामगारांची इथे हमखास फसगत होते. समजा, तुम्ही बँकेच्या शाखेत सफाईचं किंवा पहाऱ्याचं काम करता आणि पगार देतो एक स्थानिक ठेकेदार. ठेकेदार खासगी आहे, तेव्हा राज्याकडे जावं, असं वाटणं साहजिक आहे. पण बँकेच्या कामासाठी नेमलेल्या ठेकेदाराची आस्थापनाही केंद्राच्याच कक्षेत येते. शिवाय ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे इथे बँकेवर, येते. त्यामुळे अर्जात ठेकेदाराबरोबर बँकेचं नाव आणि शाखेचा पत्ता घातलाच पाहिजे. हे नाव गाळलं, की सगळ्यात भक्कम आधार आपणच सोडून देतो.

दुसरी पायरी : मंत्रालयात कोण काय करतं ते पाहा

वरच्या टोकाला कॅबिनेट मंत्री, सोबत राज्यमंत्री आणि प्रशासनाच्या शिरोभागी सचिव. जून २०२४ मध्ये मनसुख मांडविया यांनी श्रम व रोजगार खात्याचा कार्यभार स्वीकारला. मंत्रालयाचं मुख्य काम धोरण, कायदे आणि नियम. रोजचं काम त्याच्या हाताखालच्या संस्था करतात : औद्योगिक वाद आणि केंद्राच्या कक्षेतली मजुरी मुख्य श्रम आयुक्तांकडे, पीएफ आणि निवृत्तिवेतन ईपीएफओकडे (कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी संघटना), विमा आणि दवाखाने ईएसआयसीकडे (कर्मचारी राज्य विमा महामंडळ), खाणींची सुरक्षा धनबादच्या महासंचालनालयाकडे.

मंत्र्याच्या अधिकाराला सीमा आहेत, हेही समजून घ्यावं. पीएफच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष कामगारमंत्री असतात. मंडळावर मालकांचे १० आणि कामगारांचे १० प्रतिनिधी बसतात. हे मंडळ व्याजदराची शिफारस करतं, पण अर्थ मंत्रालयाची संमती आल्याशिवाय तो दर लागू होत नाही. १९५४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यात सरकारने फेरफार केला, तेव्हा कामगारमंत्री व्ही. व्ही. गिरी यांना मंत्रिमंडळाचा निर्णय मान्य नव्हता आणि त्यांनी राजीनामा दिला. या खात्याच्या इतिहासात मला ही घटना फार मोलाची वाटते. त्याआधी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खातं डॉ. आंबेडकरांनी सांभाळलं. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतला आठवडा ४८ तासांवर आला. त्या खुर्चीवरचा माणूस कामगारांच्या बाजूने किती ठाम उभा राहतो, याने फरक पडतोच.

तिसरी पायरी : कागद जमवा

नेमणूकपत्र, पगाराची स्लिप, बँकेचं पासबुक, ओळखपत्र, हजेरीचा कोणताही पुरावा. नेमणूकपत्र दिलंच नसेल तर तसं अर्जात स्पष्ट लिहा. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आणि त्यांत नेमणूकपत्र बंधनकारक आहे. वेतन संहितेनुसार मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळाला पाहिजे. काम सोडलं किंवा काढून टाकलं, तर २ कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता व्हायला हवा. थकलेल्या वेतनाचा दावा ३ वर्षांच्या आत करता येतो.

चौथी पायरी : अर्ज द्या आणि पोच घ्या

अर्ज एका पानाचा असावा. कोण, कुठे, कधीपासून, किती रक्कम आणि काय मागणी, एवढंच. अन्यायाचं वर्णन लांबवण्यापेक्षा महिनावार थकबाकीचा तक्ता जोडलेला बरा, कारण अधिकारी त्यावरूनच नोटीस काढतो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. केंद्राच्या कक्षेतल्या वादासाठी ‘समाधान’ पोर्टलवरही अर्ज करता येतो. पुढे समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतो. तिथे एकटं जाऊ नका, युनियनचा किंवा माहीतगार माणूस बरोबर न्या. तडजोडीवर सही करण्याआधी शेवटचा आकडा स्वतः मोजा.

पीएफचं वेगळं आहे. मालकाने कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जमा व्हायला हवी. ती झाली का, हे यूएएनवरून, म्हणजे पीएफच्या सार्वत्रिक खाते क्रमांकावरून, पीएफच्या पासबुकात दिसतं. कपात दिसते पण जमा दिसत नाही, अशा वेळी पगाराची स्लिप जोडून ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर नोंद करा. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ शिबिर भरतं, तिथे अधिकारी समोर भेटतो. ईएसआयचा लाभ २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना मिळतो आणि त्याची तक्रार महामंडळाच्या शाखा कार्यालयात करायची.

पाचवी पायरी : उत्तर आलं नाही तर

१० रुपये भरून माहितीच्या अधिकारात विचारा : माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कारवाई झाली? माहिती देण्याची मुदत ३० दिवसांची आहे.

आणि प्रश्न एकट्याचा नसेल, नियमच चुकीचा असेल, तरच मंत्रालयाचं वरचं दार ठोठावा. मसुदा नियम राजपत्रात येतात तेव्हा हरकती मागवल्या जातात. युनियनच्या लेटरहेडवर, नियमाचा क्रमांक आणि सुचवलेला बदल लिहून त्या मुदतीत पाठवा. आपल्या खासदाराला संसदेत प्रश्न विचारायला सांगा, कारण त्याचं उत्तर मंत्र्याला द्यावं लागतं. सरकार, मालक आणि कामगार यांना एकत्र बसवणारी भारतीय श्रम परिषद २०१५ च्या ४६व्या अधिवेशनानंतर वर्षानुवर्षं भरली नाही. ती कधी भरणार, हा प्रश्नसुद्धा खासदाराच्या हाती द्यावा.