घरातल्या दशावतारी कलाकाराची कारकीर्द लिहून काढायची असेल तर

आजोबा, बाप, काका सगळेच धयकाल्यात (दशावतारी नाटकाला आमच्याकडे धयकालो म्हणतात) अशी घरं आपल्या सिंधुदुर्गात पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याचं लिहून ठेवूया असं प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतं आणि मग ते राहूनच जातं. मी आजोचं, म्हणजे आजोबांचं, लिहायला घेतलं तेव्हा पहिले दोन महिने फुकट घालवले, कारण मी साल विचारत बसलो. "आजो, कंपनीत (दशावतारी नाटक मंडळीत) कधी गेलंस?" तर म्हणतो, "वर्स म्हायत नाय रे, पण त्या वर्साक सोनुर्लीच्या जत्रेक पावस इलो आणि सगळो रंग धुवान गेलो."

तर साल विचारू नका, जत्रा विचारा. सोनुर्लीची त्रिपुरारी पौर्णिमेला धरून, कुणकेश्वरची महाशिवरात्रीला, म्हणजे महिना तरी हातात आला. मग वर्षासाठी घरातल्या गोष्टी लावायच्या, आत्याचं लग्न आधी की नंतर, कोकण रेल्वे (1998) सुरू झाली होती का, वीज आली होती की पेट्रोमॅक्सवरच नाटक व्हायचं. जुन्या हँडबिलावर जि. रत्नागिरी छापलं असेल तर ते बहुतेक 1 मे 1981 च्या आधीचं, सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा झाला. फक्त आंगणेवाडीच्या जत्रेवर भरवसा ठेवू नका, तिथे तिथी ठरलेली नसते, देवीच्या कौलावर तारीख निघते, मी तिथेच एक अख्खं वर्ष चुकलो.

आता खरी डोकेदुखी. कलाकारांच्या घरात एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर सहज चढतं. नेरूरचं कलिंगण घराणं बघा, बाबी कलिंगण, मग सुधीर कलिंगण (ते 2022 मध्ये गेले), दोघांनीही रात्री गाजवल्या, मग कुठल्याही वाडीत "कलिंगणांचो तो राजा" असं कोणी सुरू केलं की आधी विचारा, बापाचा की मुलाचा? आमच्याकडे तर काकाचा संकासुर (दशावतारातला वेद चोरणारा राक्षस) दहा वर्षं आजोच्या नावावर फिरत होता आणि आजोने कधी नाही म्हटलं नाही! म्हणून प्रत्येक आठवणीपुढे तीन गोष्टी लिहा, कंपनी कुठली, भूमिका कुठली, बघणारा कोण. फोटोत रंग लावलेला चेहरा ओळखू येत नाही, किरीट पण कंपनीचा, आज ह्याच्या डोक्यावर उद्या त्याच्या, म्हणून मी कान बघतो. हसू नका, कानाला रंग कमी लागतो.

भूमिकांबद्दल "काय काय केलंत" असं विचारलं तर नुसती यादी मिळते. संवाद लिहिलेले नसतातच, मालक रंगपटात कथा सांगणार आणि ह्यांनी रात्रभर बाकड्यासमोर उभं राहून बोलायचं. त्यामुळे एखाद्या प्रसंगाचं नाव घ्या आणि "म्हणून दाखव" म्हणा, मोबाईल आधीच चालू करून बाजूला ठेवा, समोर धरला की म्हातारा एकदम शुद्ध मराठीत भाषण ठोकतो. स्त्रीपार्ट केला असेल तर तो कधी आणि का सोडला हे नक्की विचारा, आवाज फुटला, अंग सुटलं की कंपनीत नवा पोरगा आला, कारकिर्दीचा सगळा वळसा तिथे असतो.

घरच्यांपेक्षा पेटीवाला आणि पखवाजवाला जास्त खरं सांगतात. ते बाजूला बसून सगळ्यांना बघत असतात, कोण विसरला, कोणी सावरून घेतलं ते त्यांना पाठ. आणि आजीला पैशांचं विचारा, नाईट (एका रात्रीच्या प्रयोगाचे पैसे) कितीची होती, पावसाळ्यात कंपनी बंद असताना भातलावणीला कोण होतं. माझ्या वहीतली सगळ्यात चांगली चार पानं आजीचीच आहेत.

हँडबिलं, सत्काराची पत्रं फेकू नका, वृद्ध कलावंत मानधनाच्या अर्जाला पुरावे मागतात.

लिहून झालं की म्हाताऱ्याला वाचून दाखवा, पण तो एकटा असताना नको, पेटीवाल्याला पण बोलवा. आमच्याकडे तिसऱ्या पानावर दोघांचं जुंपलं, आणि संकासुर परत काकाच्या नावावर गेला.