पॅट आणि पाचवी-आठवीची परीक्षा: नागपूरच्या शाळांनी एप्रिलसाठी काय काय हाताशी ठेवावं

सगळ्यात आधी या वर्षीचं परिपत्रक छापून काढा आणि मागच्या वर्षीचं परीक्षेच्या फाइलमधून बाहेर काढा. दोन्ही एकाच फाइलीत राहिली की गोंधळ ठरलेला, कारण दिसायला दोन्ही सारखीच असतात. नियतकालिक मूल्यांकन चाचणी, म्हणजे आपल्या बोलण्यातली पॅट, २०२३-२४ मध्ये स्टार्स या शालेय शिक्षण सुधारण्याच्या सरकारी प्रकल्पातून सुरू झाली तेव्हा तिसरी ते आठवीसाठी होती. २०२४-२५ ला त्यात नववी आली. २०२५-२६ ला ती दुसरी ते आठवी झाली. सुरुवातीची पायाभूत, मग संकलित एक आणि वर्षाखेरीस संकलित दोन हा क्रम आणि प्रथम भाषा, गणित, इंग्रजी हे तीन विषय कायम राहिले. इयत्ता, गुण आणि वेळ मात्र बदलत गेले. म्हणून परिपत्रक हाती आलं की इयत्ता, विषय, माध्यम, लेखी गुण, तोंडी गुण, वेळ आणि गुण भरायची शेवटची तारीख या सात गोष्टी लाल पेनाने अधोरेखित करून तो एक कागद स्टाफरूमच्या भिंतीवर लावावा. व्हॉट्सॲपवर फिरणारं वेळापत्रक भिंतीवर लावू नये. त्यात एखादा दिवस कुणीतरी हमखास ‘सुधारलेला’ असतो.

दुसरं काम पाचवी आणि आठवीला बाकीच्या वर्गांपासून वेगळं काढण्याचं. ७ डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयानंतर या दोन इयत्तांची वार्षिक परीक्षा हे स्वतंत्र प्रकरण झालं आहे. पाचवीला प्रत्येक विषय ५० गुणांचा, त्यात ४० लेखी आणि १० तोंडी किंवा प्रात्यक्षिक. आठवीला ६० गुणांचा, ५० लेखी आणि १०. उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के हवेत, म्हणजे पाचवीत १८ आणि आठवीत २१. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण पूर्वीसारखंच सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात राहतं. या दोन वर्गांच्या वार्षिक प्रश्नपत्रिका पुण्याहून सीलबंद येत नाहीत. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या आराखड्याप्रमाणे त्या शाळेतच काढायच्या असतात. इथे फसगत होते ती अशी, की पॅटचे गठ्ठे येणार म्हणून सगळे निवांत बसतात आणि आठवीच्या विज्ञानाचा पेपर आदल्या दिवशी संध्याकाळी टाइप होतो. पाचवी-आठवीच्या सगळ्या विषयांच्या प्रश्नपत्रिका, उत्तरसूचीसह, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लिफाफ्यात बंद व्हायला हव्यात. प्रत्येक विषयाचा एक जादा संच पुनर्परीक्षेसाठी त्याच बैठकीत काढून ठेवावा. मे महिन्यात तो काढायला कुणी शाळेत नसतं.

आता गठ्ठे. पॅटमधल्या दहापैकी आठ अडचणी परीक्षेच्या खोलीत होत नाहीत, मोजणीत होतात. नागपुरात तर जास्तच, कारण इथे एकाच केंद्रात, म्हणजे एका केंद्रप्रमुखाकडच्या शाळांच्या गटात, मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा शेजारी-शेजारी असतात आणि त्यात सेमी इंग्रजीची भर. सेमीच्या चौथीत ३४ मुलं असतील तर प्रथम भाषा मराठीच्या ३४ प्रती लागतात, पण गणिताच्या ३४ इंग्रजी माध्यमाच्या. शाळेचं माध्यम ‘मराठी’ एवढंच नोंदलेलं असेल तर गणितही मराठीत येतं, आणि वर्षभर ‘न्यूमरेटर-डिनॉमिनेटर’ म्हणणारं पोर ‘अंश-छेद’ वाचून हात वर करतं. त्याला गणित येत नाही असा निष्कर्ष मग अहवालात जातो. म्हणून मागणी नोंदवतानाच इयत्ता, तुकडी, विषय आणि त्या विषयाचं माध्यम अशी चार रकान्यांची तक्ता-वही करा. तिच्यावर मुख्याध्यापकांची सही घेऊन एक प्रत केंद्रप्रमुखांकडे द्या आणि पोच घ्या. एकाच शाळेत एक तुकडी सेमी आणि दुसरी साधी असेल तर दोन ओळी करा. बेरीज करून एक ओळ लिहू नका.

गट साधन केंद्रातून, किंवा शहरात शहर साधन केंद्रातून, गठ्ठे घ्यायला जाणाऱ्याने ही तक्ता-वही सोबत न्यावी. तिथे पाकीट फोडायचं नसतं, पण पाकिटावरची चिठ्ठी वाचायला कुणाची हरकत नसते. यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, पूर्ण वाचावा. नागपूर जिल्ह्याचे सगळे क्रमांक २७०९ नेच सुरू होतात, त्यामुळे पहिले चार आकडे जुळले म्हणून गठ्ठा आपला असं धरू नये. शेवटचे चार पाहावेत. मग इयत्ता, विषय, माध्यम, प्रतींची संख्या. एखाद्या विषयाच्या प्रती कमी दिसल्या तर तिथेच लेखी सांगावं, कारण बाकीचे गठ्ठे अजून तिथेच असतात आणि शेजारच्या शाळेच्या जादा प्रती मिळू शकतात. शाळेत आल्यावर कळवलं तर उत्तर येतं, ‘आता तुम्हीच बघा’. प्रश्नपत्रिकेतच उत्तरं लिहायची असतात तिथे एका प्रतीवर दोन मुलं बसवता येत नाहीत, हे लक्षात ठेवून मोजणी करावी. आणि पटसंख्या सप्टेंबरची धरू नये. दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कापूस वेचणीला गेलेली आणि परत आलेली मुलं, शिवाय मध्येच दाखला घेऊन आलेली, यांच्यामुळे भिवापूर, कुहीकडच्या शाळांत आकडा दोन्ही बाजूंनी हलतो.

गठ्ठे लोखंडी कपाटात, किल्ली एकाकडे, उघडल्याची नोंद दोघांच्या सहीने. कपाट नसलेल्या द्विशिक्षकी शाळेने केंद्रशाळेत ठेवून रोज सकाळी आणावेत. घरी नेऊ नयेत. पाकीट पेपरच्या वेळेलाच उघडायचं, त्याच दिवसाचं, त्याच विषयाचं. फोटो काढायचा नाही, ‘फक्त आपल्या ग्रुपवर’ सुद्धा नाही. राज्यात सगळीकडे तोच पेपर असतो आणि सगळ्या शाळा एकाच मिनिटाला तो सुरू करत नाहीत, त्यामुळे सकाळी सातचा एक फोटो दहा वाजता बसणाऱ्या वर्गाची चाचणी बाद करायला पुरतो.

वेळेचा प्रश्न विदर्भात सगळ्यात नाजूक. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या वर्षाखेरीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने, ८ ते २५ एप्रिलदरम्यान घ्यायचं ठरलं आणि निकाल १ मे रोजी. पुण्यात बसून हे सोयीचं दिसतं; नागपुरात एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात पारा ४२-४३ ला टेकलेला असतो. त्याच वर्षी उन्हामुळे प्राथमिक शाळांची वेळ सकाळी ७ ते ११.१५ केली गेली. हे धरून आखणी करायची तर लेखी पेपर साडेसातला सुरू झाला पाहिजे, म्हणजे दहाच्या आत लेखी आटोपतं आणि उरलेल्या वेळात तोंडी बसवता येतं. टिनाच्या छताच्या खोल्या परीक्षेला वापरूच नयेत. वापराव्याच लागल्या तर त्यात लहान वर्ग बसवावेत, कारण त्यांचा पेपर लवकर संपतो. कूलर असेल तर टाकी आदल्या दिवशी भरावी, सकाळी नळाची वाट पाहू नये. पहिल्या रांगेतल्या मुलांना कागदावर ठेवायला पट्टी किंवा कंपास हाताशी ठेवायला सांगावं. सीलबंद पाकिटं मात्र कूलरच्या झोतापासून लांब. रात्रभर ओलसर हवा लागली की पानं चिकटतात आणि उलटताना फाटतात. वीज जाणार हे गृहीत धरून बाकं खिडकीच्या बाजूला आधीच सरकवून ठेवावीत, पण ऊन थेट कागदावर पडणार नाही अशी.

पाणी वर्गातच हवं. मुलाला माठापर्यंत जायला उठवलं की पाच मिनिटं जातात आणि पाठोपाठ तिघे उठतात. ४० मुलांच्या वर्गाला माणशी अर्धा लिटर धरलं तरी २० लिटर लागतं, म्हणजे एक मोठा जार किंवा दोन कळशा. ओआरएसची पाकिटं कार्यालयात असावीत. एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, आणि एकदा कालवलेलं त्याच दिवशी संपवायचं. मुलाला चक्कर आली तर त्याला सावलीत आडवं करा, पेपर बाजूला ठेवा, वेळ लिहा. तो नंतर पुन्हा बसेल. सकाळच्या शाळेत पोरं उपाशी येतात, ही खरी अडचण आहे. पोषण आहाराची खिचडी लेखी आणि तोंडीच्या मध्ये पडेल असं स्वयंपाकी ताईंना आधीच सांगून ठेवावं.

सुट्ट्यांकडेही बघा. १४ एप्रिलला तर सुट्टी आहेच, पण नागपुरात १३ ची रात्रही धरावी लागते. मध्यरात्री संविधान चौक आणि दीक्षाभूमीकडे गर्दी लोटते, रस्ते वळवलेले असतात. त्या भागातून गठ्ठे आणायचे असतील तर ते ११ किंवा १२ तारखेपर्यंत शाळेत पोहोचलेले असावेत, आणि १५ ला सकाळी साडेसातला पेपर ठेवताना मुलं रात्री जागलेली असतील याचा विचार व्हावा. वेळापत्रक आपल्या हातात नसलं तरी तोंडी कुठल्या दिवशी घ्यायची ते पुष्कळदा आपल्या हातात असतं.

तोंडी परीक्षेला शाळा सगळ्यात कमी वेळ देतात आणि तिथेच गुण सगळ्यात ढोबळ पडतात. एका मुलाला नीट तोंडी घ्यायला चार-पाच मिनिटं लागतात. ३४ मुलांना साधारण अडीच तास. ते एका दिवसात उरकायला गेलं की शेवटच्या दहा जणांना सरसकट सात गुण मिळतात. दोन-तीन दिवसांत विभागावी, वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात घ्यावी म्हणजे पुढच्या मुलाला प्रश्न ऐकू जात नाहीत, आणि गुण त्याच क्षणी तक्त्यात लिहावेत. नंतर आठवून नाही.

तपासणी परिषदेच्या उत्तरसूचीप्रमाणे, आणि गुण प्रश्ननिहाय. फक्त बेरीज लिहून ठेवलेली शाळा पुढच्या पायरीवर अडकते. विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर, म्हणजे स्विफ्टचॅट ॲपमधून, गुण भरताना यू-डायस क्रमांक आणि शालार्थ आयडी, म्हणजे शिक्षकाचा पगाराच्या प्रणालीतला क्रमांक, लागतो, मग इयत्ता, तुकडी, विषय निवडून एकेक मूल समोर येतं. तिथे हाताशी प्रश्ननिहाय तक्ता नसेल तर ३४ उत्तरपत्रिका पुन्हा उलटाव्या लागतात. तक्त्यात मुलांचा क्रम हजेरीपटाप्रमाणे न ठेवता बॉटवर दिसतो तसा ठेवला तर एकाचे गुण दुसऱ्याला जाण्याची चूक जवळजवळ संपते. दोघांनी मिळून भरावं: एकाने वाचायचं, एकाने टाकायचं. एखादं मूल यादीत दिसतच नाही तेव्हा बॉटला दोष देण्याआधी विद्यार्थी-नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर त्याचं नाव आपल्या शाळेत आलंय का ते पाहा. जुन्या शाळेने ते सोडलेलं नसतं, हेच कारण बहुधा निघतं. ही तपासणी मार्चमध्ये करायची, एप्रिलमध्ये नव्हे. गैरहजर मुलाला शून्य टाकू नये. गैरहजर म्हणूनच नोंदवावं, नाहीतर वर्गाची सरासरी खोटी पडते. शेवटच्या दोन दिवसांत राज्यभरातले शिक्षक एकदमच बसतात आणि ॲप रखडतं, तेव्हा पेपर झाला त्या दिवशीच संध्याकाळी त्या विषयाचे गुण भरून मोकळं व्हावं. रामटेक-पारशिवनीत पेंचच्या बाजूच्या शाळांनी नेटवर्क कुठे मिळतं ती जागा आणि चार्ज केलेली पॉवर बँक आधीच ठरवून ठेवावी.

विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी लेखनिक किंवा जादा वेळ लागणार असेल तर नावं महिनाभर आधी केंद्रप्रमुखांना कळवा. लेखनिक खालच्या इयत्तेतलाच घ्या.

पाचवी-आठवीच्या निकालाला एक दिवस वेगळा ठेवा. सवलतीचे गुण जास्तीत जास्त १०, ते कुणाला आणि कोणत्या विषयात दिले याची नोंद गुणपत्रकावर दिसली पाहिजे. जे तरीही राहिले त्यांना जादा मार्गदर्शन आणि मग जूनमध्ये पुनर्परीक्षा. त्यातही राहिले तर तोच वर्ग, पण शाळेतून काढायचं नाही. पालकांना हे १ मे रोजी तोंडावर सांगणं आणि सही घेणं आवश्यक आहे, कारण आपल्याकडे शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात आणि तोवर पोरं मामाच्या गावी, छिंदवाडा-बालाघाटपर्यंत पांगलेली असतात. प्रत्येक अनुत्तीर्ण मुलाच्या नावासमोर दोन फोन नंबर लिहून घ्या, एक घरचा आणि एक सुट्टीत जिथे जाणार तिथला, आणि पुनर्परीक्षेची तारीख निघाली की दोन्हीवर कळवा.