वाफसा येण्याआधी रानात गाडी घालू नका: ओल्या जंगलवाटेवरच्या या चुका टाळा

मराठवाड्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही वेळेवर येईल याची खात्री नसते; त्यामुळे गौताळ्याच्या किंवा किनवटच्या डोंगरांवर झड बसली, की दारात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी, उभी असलेल्या मंडळींना घरात राहवत नाही. पहिली आणि सर्वांत महाग चूक इथेच होते, ती म्हणजे दिवस निवडण्याची. आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि ऊन लागले की आकसून भेगाळते. ओली असताना ती टायरच्या खाचांमध्ये अशी भरून बसते, की महागडा मड टायरसुद्धा थोड्याच अंतरात गुळगुळीत होऊन जातो. शेतकरी वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जादा ओल जाऊन माती मशागतीजोगी झाल्याशिवाय, रानात औत घालत नाही, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. गाडी घेणाऱ्याला मात्र ते गाडीबरोबर कोणी सांगत नाही.

माझी परीक्षा शेतकऱ्याचीच आहे. चाकोरीतली माती थोडी उकरून मूठभर घ्यावी, तिचा लाडू वळावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. लाडू फुटला तर वाफसा आहे. चपटा होऊन तसाच राहिला, किंवा माती तळहाताला चिकटून निघेना, तर गाडी वळवावी. मुरमाड वाट एक-दोन दिवसांच्या उघडिपीने पुरेशी सुकते, काळ्या मातीला कधी कधी आठवडाही लागतो. ही परीक्षा वाटेच्या तोंडाशी एकदाच करून भागत नाही, हे मी स्वतःच्या चुकीने शिकलो.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही पाच गाड्या घेऊन कन्नड तालुक्यातल्या एका पाणंदीने डोंगराकडे निघालो होतो. वाट अभयारण्याच्या हद्दीबाहेरची, लोकांच्या रोजच्या वापरातली होती. सुरुवातीला मुरूम होता, लाडू फुटला, आणि पुढे असलेल्या मीच सर्वांना हात केला. दीड किलोमीटरवर उताराचा एक पट्टा काळ्या मातीचा निघाला, तिथे चाकोरीत पाणी साचलेले होते. मी पाण्यातून निघून गेलो. तिसऱ्या गाडीवरच्या नव्या मुलाने मात्र, गाडी खराब होऊ नये म्हणून, डावी चाके कडेच्या गवतावर घेतली. चाकोरीचा तळ वर्षानुवर्षे बैलगाड्यांनी दाबून घट्ट झालेला असतो. गवताखालची माती तशी नसते. गाडी रुतली, त्याने घाबरून अॅक्सिलरेटर दाबून धरला आणि पाच मिनिटांत डिफरेन्शियल, म्हणजे दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा, मातीवर टेकले. मग त्याला ओढण्यासाठी उरलेल्या गाड्यांनी आजूबाजूने जागा करून घेतली. तीन तासांनी गाडी निघाली तेव्हा पन्नास पावलांच्या त्या पट्ट्यात एका चाकोरीच्या जागी चार चाकोऱ्या होत्या. बांधावर बसून हे सगळे पाहणारे एक म्हातारे शेतकरी शेवटी एवढेच म्हणाले, “पोरांनो, वापसा नसंल तर आमी औत बी घालत न्हाई, आन् तुमी दोन टनाचं धूड घातलं व्हय?”

पुढच्या वर्षी मी मुद्दाम तिथे गेलो. चाकोरी उताराच्या दिशेने असली की ती पाटासारखी वाहते. चाकांनी दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते धावते आणि तळ खरवडत नेते. आमच्या चार चाकोऱ्यांपैकी एकीची गुडघाभर खोल ओघळ झाली होती आणि बैलगाड्या शेजारच्या शेतातून बांध मोडून जात होत्या. आम्ही वर्गणी काढून मुरमाच्या दोन खेपा टाकल्या. त्यातला बराचसा पुढच्या पावसाने खाली नेला.

म्हणून साचलेले पाणी दिसले की खाली उतरावे, बूट भिजू द्यावेत आणि काठीने तळ चाचपावा. तळ कठीण असेल आणि पाणी चाकाच्या मध्याखाली असेल तर लो रेंजमध्ये (वेग कमी आणि जोर जास्त देणाऱ्या गिअरमध्ये), दुसऱ्या गिअरवर, चालत्या माणसाच्या वेगाने मधूनच जावे. नसेल तर आल्या वाटेने परतावे. कडेने जाणे हा पर्याय नाहीच. चाक जागीच फिरू लागले की त्याच क्षणी अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, कारण त्यानंतरची प्रत्येक फेरी म्हणजे खोदकाम असते. फावडे गाडीत नसलेल्याला मी ताफ्यात घेत नाही, मग त्याने दिव्यांवर कितीही खर्च केलेला असो.

टायरमधली हवा कमी न करणे ही आळसाची चूक आहे. मी बत्तीस पीएसआयवरून बावीसपर्यंत उतरतो, त्याने टायर पसरतो आणि तेच वजन जास्त जागेवर वाटले जाते. मात्र हवा भरायचा पंप सोबत नसेल तर हा उद्योग करू नये.

विंचचा (रुतलेली गाडी ओढून काढणाऱ्या, गाडीवरच्या रहाटाचा) दोर किंवा साखळी थेट झाडाला गुंडाळलेली दिसली की माझा तोल सुटतो. सालीच्या आतल्या थरातून झाडाचे अन्न मुळांकडे जाते. दोर ताणला की तो थर कातरला जातो आणि ही जखम खोडाभोवती पूर्ण फिरली तर झाड उभ्या उभ्या वाळते. पळस असो की साग, रुंद कापडी पट्टा खोडाच्या अगदी बुडाशी लावावा आणि मनगटाएवढ्या रोपांना हातही लावू नये. घाईचे कारण मला कोणी सांगू नये; पट्टा लावायला दोन मिनिटे लागतात.

स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा देणारी नळी, बसवल्याने ओढ्याचा जोर कमी होत नाही. पाणी गढूळ आणि चढते असेल तर थांबावे, आणि एरवीही जिथे गाड्यांचा उतार आधीपासून आहे आणि तळ दगडी आहे तिथूनच ओलांडावे. ओढ्यात गाडी धुणाऱ्यांबद्दल काही लिहीत नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि साखळी लावून बंद केलेल्या वाटेला शेजारून पाडलेली नवी वाट म्हणजे परवानगी नव्हे.

परतताना एक काम बहुतेक जण टाळतात. मडगार्डच्या आत आणि गाडीच्या पोटाला चिकटलेल्या चिखलातून गाजरगवताचे बी प्रवास करते, आणि एका शिवारातले बी दुसऱ्या डोंगरावर पोचवायला एक गाडी पुरते. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी मी गाडी थांबवतो, खुरप्याने चारही चाकांवरचा चिखल तिथल्या तिथे खरवडतो, मग हवा भरतो. चार चाकांना साधारण वीस मिनिटे लागतात, आणि खुरपे फावड्याशेजारीच ठेवलेले असते.