वाटीच्या मापाचे ग्रॅम कसे काढावेत

शंकरपाळ्यांचे प्रमाण बहुतेक घरांत एक वाटी दूध, एक वाटी तूप, एक वाटी साखर आणि मावेल तेवढा मैदा असे सांगितले जाते. वाटी लहान असो वा मोठी, सर्वांसाठी तीच वापरली की काम भागते. परंतु हीच कृती पाच किलोच्या फराळासाठी वाढवायची असेल किंवा परगावच्या नातेवाइकांना लिहून पाठवायची असेल, तर ग्रॅम लागतात. 150 मिलिलिटरच्या वाटीत दूध सुमारे 155 ग्रॅम, वितळलेले तूप सुमारे 137 ग्रॅम आणि साखर 125 ते 130 ग्रॅम बसते, म्हणून तिन्हींना एकच आकडा लावून चालत नाही.

प्रथम आपली वाटी मोजून घ्यावी. रिकामी वाटी स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि पदार्थ जिथपर्यंत भरण्याची सवय आहे तिथपर्यंत पाणी ओतावे. एक मिलिलिटर पाण्याचे वजन जवळजवळ एक ग्रॅम असल्यामुळे काट्यावरचा आकडा हेच वाटीचे मिलिलिटरमधील माप होय. त्यानंतर वाटी पूर्ण कोरडी करून रोजच्या वापरातील रवा, साखर, तांदूळ, बेसन एकेक करून त्याच पातळीपर्यंत भरावे व तोलावे. आलेल्या वजनाला वाटीच्या मिलिलिटरने भागले की त्या पदार्थाचा गुणक मिळतो. समजा, 150 मिलिलिटरच्या वाटीत रवा 105 ग्रॅम भरला, तर गुणक 0.7 आला, आता पाककृतीत 240 मिलिलिटरचा कप रवा सांगितला असेल, तर 240 गुणिले 0.7 म्हणजे 168 ग्रॅम घ्यावा. हे गुणक कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावेत. आयत्या तक्त्यांपेक्षा ते अधिक भरवशाचे असतात, कारण ते आपल्याच डब्यातल्या रव्याचे असतात.

पिठांच्या बाबतीत मात्र भरण्याची पद्धतच वजन ठरवते. चमच्याने हलकेच भरून सुरीने सपाट केलेल्या त्याच वाटीत मैदा 75 ते 80 ग्रॅम बसतो, तर वाटी थेट डब्यात खुपसून काढली की तो 90 ग्रॅमपर्यंत जातो, आणि शिगोशीग भरलेल्या वाटीचा तर काहीच नेम नसतो. म्हणून पीठ नेहमी एकाच पद्धतीने भरून तीन वेळा तोलावे व सरासरी घ्यावी. खवलेला नारळ, चिरलेला गूळ आणि पातळ पोहे यांचे गुणक काढण्यात फारसा अर्थ नाही, कारण दाबण्यानुसार आणि तुकड्यांच्या आकारानुसार ते दर वेळी बदलतात. आईची किंवा सासूबाईंची वाटी भरली जात असतानाच ती काट्यावर ठेवून आकडा टिपणे उत्तम.

परदेशी पाककृतीतील कप कोणत्या देशाचा आहे तेही पाहावे. अमेरिकी कप साधारण 240 मिलिलिटरचा, तर ऑस्ट्रेलियातील 250 मिलिलिटरचा असतो. मोठा चमचा अमेरिकेत 15 आणि ऑस्ट्रेलियात 20 मिलिलिटरचा धरतात. जुन्या वहीत भाजणीचे प्रमाण पायली-अधोलीत लिहिलेले असेल, तर दोन अधोल्यांची एक पायली आणि दोन शेरांची एक अधोली हे नाते धरून सर्व धान्यांचे परस्पर प्रमाण काढावे आणि मग प्रत्येकाच्या गुणकाने वजन करावे. येथे शेर हे मापाचे आहे, वजनाचे नव्हे. दोहोंची गल्लत झाली तर डाळ-तांदळाचे प्रमाण बिघडते.

मीठ, सोडा, हळद यांना मात्र चमचाच बरा. छोट्या चमच्यात बारीक मीठ सुमारे 6 ग्रॅम मावते, आणि एक ग्रॅमच्या टप्प्याने मोजणाऱ्या काट्यावर पाव चमचा सोड्याची नोंद नीट होतच नाही. मोठ्या घाण्यासाठी दहा सपाट चमचे एकदम तोलून वजनाला दहाने भागावे.